बिअर, सामू आणि जुना कागद

आजच्या विषयाची सुरुवात आपण एका शब्दापासून करू. सामू. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. माती परीक्षणाचा अहवाल हातात पडला की नत्र, स्फुरद, पालाश यांच्याबरोबर सामूचा आकडा असतोच. शहरात वाढलेल्यांना हीच गोष्ट पीएच म्हणून माहीत असते, साबणाच्या जाहिरातींमुळे नाही तर पाण्याच्या फिल्टरमुळे. सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्क, सातला दोन्ही नाही. शाळेत एवढं पाठ केलेलं असतं.

पण हा आकडा आला कुठून? शेतीतून नाही आणि वैद्यकातूनही नाही. तो आला कोपनहेगनमधल्या एका बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतून, १९०९ साली. आणि आज एखादं जुनं दस्त, नकाशा किंवा पुस्तक अजून किती वर्षं तग धरेल, याचा अंदाज करताना जगभरच्या अभिलेखागारांत पहिल्यांदा जे मोजतात त्यात हा आकडा असतो. बिअरच्या पिंपापासून दप्तरखान्याच्या रुमालापर्यंत तो कसा पोचला, ते आपण आज बघणार आहोत.

कारखान्याचं नाव कार्ल्सबर्ग. संस्थापक जे. सी. जेकबसेन, जन्म १८११. वडीलही बिअर करणारेच. त्या काळी बिअर करणं हे अंदाजाचं काम होतं. हाताला लागलेलं वळण, वासावरून ओळख, आणि नशीब. एखादा घाणा उत्तम उतरायचा, पुढचा आंबट व्हायचा, आणि का ते कुणालाच सांगता यायचं नाही. जेकबसेन १८४५ मध्ये म्युनिकला गेला आणि तिथल्या श्पाटेन कारखान्यातून यीस्टची दोन भांडी घेऊन परतला. घोडागाडीचा प्रवास. सांगतात, की जिथे जिथे गाडी थांबे तिथे तो खाली उतरून भांड्यांवर गार पाणी ओतायचा, कारण हे यीस्ट उष्णतेत मेलं असतं. आपल्याकडे विरजण एका घरातून दुसऱ्या घरात नेताना जपतात ना, तसंच, फक्त अंतर म्युनिक ते कोपनहेगन! १८४७ मध्ये त्याने शहराबाहेर वाल्बी इथे टेकडीवर नवा कारखाना काढला. मुलाचं नाव कार्ल, टेकडीला बेर्ग, म्हणून कार्ल्सबर्ग.

जेकबसेन स्वतः शास्त्रज्ञ नव्हता, पण शास्त्रावर त्याचा फार जीव होता. लुई पाश्चरचा तो भक्तच म्हणा ना. पाश्चरचं बिअरवरचं पुस्तक १८७६ मध्ये आलं, आणि त्याच सुमाराला जेकबसेनने कारखान्यात प्रयोगशाळा उभी केली. ती चालवायला त्याच वर्षी कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान स्थापन केलं आणि त्याची सूत्रं डॅनिश विज्ञान अकादमीच्या लोकांकडे दिली. प्रयोगशाळेच्या नियमांत त्याने एक कलम घातलं, आणि आमच्या मते या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच आहे. त्याचा आशय असा, की इथे लागलेला कोणताही शोध, मग तो तात्त्विक असो की व्यवहारात उपयोगी, गुप्त ठेवला जाणार नाही.

धंद्याच्या दृष्टीने हा वेडेपणाच. स्वतःच्या पैशाने संशोधन करायचं आणि ते शेजारच्या प्रतिस्पर्ध्याला फुकट द्यायचं. पण पुढे तसंच झालं. एमिल ख्रिस्तियान हान्सेन या तिथल्या शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये दाखवून दिलं, की बिअर नासते ती फक्त जिवाणूंमुळे नाही, तर चांगल्या यीस्टमध्ये मिसळलेल्या जंगली यीस्टमुळेही. मग त्याने एका पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट तयार केलं. कार्ल्सबर्गने ते मागेल त्या कारखान्याला दिलं. जाता जाता सांगतो, २०१३ मध्ये याच कारखान्याच्या तळघरात १८८३ सालची एक बाटली सापडली, आणि तीतल्या जिवंत राहिलेल्या यीस्टपासून पुन्हा बिअर केली गेली. बाटलीत वारसा जपला जातो तो असाही.

हान्सेनचा सहकारी योहान केल्डाल. जव चांगला की वाईट हे त्यातल्या प्रथिनांवर ठरतं, आणि प्रथिनं मोजायची तर नायट्रोजन मोजावा लागतो. त्याची सोपी, खात्रीची पद्धत केल्डालने १८८३ मध्येच मांडली. धान्य गंधकाम्लात उकळायचं, नायट्रोजनचं अमोनियात रूपांतर करायचं आणि तो अमोनिया मोजायचा. आज दुधाच्या पावडरीच्या किंवा डाळीच्या पिठाच्या पाकिटावर प्रथिनांचा आकडा छापलेला असतो, त्यामागे बऱ्याचदा हीच पद्धत असते. तीही त्या कलमामुळे सगळ्यांना मोकळी झाली. केल्डाल १९०० मध्ये वारला आणि पुढच्या वर्षी त्याच्या जागी सोरेन पेटर लाउरित्स सोरेन्सेन आला.

आता थोडं स्वयंपाकघरात जाऊ. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतात. घट्ट खिरीत या मोडाच्या पिठाचा चमचाभर घातला आणि खीर जरा कोमट ठेवली की ती पातळ होते आणि किंचित गोडही लागते. का? मोड येताना दाण्यात एक विकर तयार होतं, म्हणजे ज्याला आपण एन्झाइम म्हणतो ते, आणि ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडून साखर करतं. या विकराचं नाव अमायलेज. मोड आणलेल्या जवातून ते वेगळं काढलं पायेन आणि पेर्सोझ या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी, १८३३ मध्ये. बिअरचं पहिलं पाऊल हेच. जवाला मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, गरम पाण्यात भिजवायचे, आणि अमायलेज पिष्टाची साखर करतं तोवर थांबायचं. मग ती साखर यीस्ट खातं.

पण हे विकर नखरेल असतं. जास्त तापलं तर मरतं, ते एक. दुसरं म्हणजे पाणी जास्त आंबट किंवा जास्त खारं झालं की ते काम सोडतं. मोडवलेल्या जवाच्या घोलात ते साधारण सव्वापाच ते साडेपाच या सामूला रमतं. सोरेन्सेनपुढे प्रश्न हा होता, की विकर किती चांगलं काम करतं हे मोजायचं असेल तर आधी द्रावण किती आम्ल आहे ते नेमकं सांगता आलं पाहिजे. त्यात किती आम्ल ओतलं, हे सांगून भागत नाही. प्रथिनं आणि क्षार बरंचसं आम्ल गिळून टाकतात. उरतं ते किती, हे महत्त्वाचं. म्हणजे मोकळे हायड्रोजन आयन किती.

ते आकडे फार छोटे असतात. लिटरमागे दशलक्षांश, अब्जांश. लिहायला गैरसोयीचे, तुलना करायला तर त्याहून. सोरेन्सेनने साधी युक्ती केली. दहाचा ऋण घातांक घ्यायचा आणि ऋण चिन्ह सोडून द्यायचं. दहाचा ऋण सातवा घात असेल तर नुसतं सात. त्याने याला हायड्रोजन आयनाचा घातांक म्हटलं आणि त्यासाठी जे चिन्ह वापरलं त्याचं पुढे पीएच झालं. १९०९ च्या त्याच्या लांबलचक लेखात इन्व्हर्टेज, कॅटालेज आणि पेप्सिन या विकरांवरचे प्रयोग आहेत. मोजण्याच्या दोन पद्धतीही आहेत, एक विजेरी आणि दुसरी रंग बदलणाऱ्या द्रव्यांची. प्रयोगांत त्याची पत्नी मार्गरेथे त्याच्याबरोबर काम करत होती. आणि कलमाप्रमाणे सगळं छापून मोकळं.

एक गोष्ट मात्र इथेच पक्की करून ठेवू, कारण पुढे लागणार आहे. ही मोजपट्टी पायऱ्यांची नाही, पटींची आहे. सामू सातवरून सहावर आला म्हणजे आम्लता दहापट झाली. चारवर आला म्हणजे हजारपट. आकड्यात फरक तीनचा दिसतो, म्हणून लोक फसतात.

आता वारशाकडे वळू. जेकबसेन पितापुत्रांनी त्यावर अमाप पैसा खर्च केला, हे आधी सांगायला हवं. डेन्मार्कच्या राजांचा फ्रेडरिक्सबोर्ग किल्ला १८५९ च्या डिसेंबरात जळाला. जेकबसेनने तो पुन्हा उभा करायला मदत केली आणि १८७८ मध्ये तिथे राष्ट्रीय इतिहासाचं संग्रहालय काढायला प्रतिष्ठानामार्फत पैसा दिला. मुलगा कार्ल याचं वडिलांशी फाटलं. त्याने शेजारीच नवा कारखाना काढला आणि बाप-लेकाचा नाव आणि धंद्यावरून वाद होत राहिला. पण कार्लने जमवलेल्या शिल्पांतूनच कोपनहेगनचं ग्लिप्टोटेक संग्रहालय झालं, आणि बंदरावरची जलपरी ही त्याचीच देणगी, १९१३ ची. ही सगळी मोठी, दिसणारी कामं. पण आम्हाला वाटतं, वारसा जपण्याच्या कामात या घराण्याचा सर्वांत मोठा हात लागला तो किल्ल्यात किंवा पुतळ्यांत नाही. तो लागला सोरेन्सेनच्या त्या मोजपट्टीत, आणि त्याची त्या घरातल्या कुणाला कल्पनाही नसणार.

तो कसा, ते बघू. पुण्याच्या पेशवे दप्तरातले अठराव्या शतकातले मोडी कागद बघा. त्यातले अनेक आजही उलगडले तर उलगडतात. घडीवर चिरतात, कसर लागते, वाळवी खाते, पण बोटांत चुरा होत नाही. आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र माळ्यावरून काढा. पिवळं, नंतर तपकिरी, आणि दुमडलं की तुटतं. जुना कागद नव्यापेक्षा तरुण! याचं कारण रसायनात आहे. आपल्याकडचे कागदी, मग ते जुन्नरचे असोत की दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे, जुने दोर, गोणपाट, चिंध्या चुना आणि सज्जीखारात भिजवून कुटत. त्यात शुद्ध, लांब तंतू असायचे आणि चुन्याचा थोडा अंश कागदात राहून जायचा. वर खळ लावायची, दगडाने घोटायचं. आणि शाई काजळाची, डिंकात घोटलेली. काजळ म्हणजे कार्बन, ते कागदाला काही करत नाही.

युरोपात १८०७ मध्ये मॉरित्स इलिग या जर्मन कागदवाल्याने राळ आणि तुरटीने कागदाला लेप द्यायची पद्धत छापून प्रसिद्ध केली. स्वस्त, झटपट, यंत्रावर चालणारी. शाई पसरत नाही. पण तुरटीच्या जातीचे हे क्षार दमटपणात हळूहळू गंधकाम्ल सोडतात. शतकाच्या मध्यापासून चिंध्या पुरेनात म्हणून लाकडाचा लगदा आला, त्यात लिग्निन, आणि तेही हवेत आम्ल तयार करतं. आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं. म्हणजे अमायलेज पिष्टाचं जे करतं त्याच्या जवळपासचंच, फक्त इथे आपल्याला ते नको असतं. अशा जुन्या वर्तमानपत्राचा सामू चार-पाचच्या आसपास भरतो. मघाशी पटींबद्दल बोललो ते इथे आठवा. कागद मोडायचा वेग बरोबर तेवढ्याच पटींनी वाढतो असं नाही, दमटपणा आणि उष्णताही लागते, पण दिशा तीच.

शाईचाही असाच प्रकार. युरोपात शतकानुशतकं मायफळाचा अर्क आणि हिराकस यांची शाई वापरली. काळीभोर, पक्की. पण ती तयार होतानाच गंधकाम्ल सुटतं, आणि शिल्लक लोह वेगळंच नुकसान करतं. पणजीच्या अभिलेखागारातल्या पोर्तुगीज बाडांवर काम केलेले अभ्यासक सांगतात, की अनेक पानांवर अक्षरांनीच कागद खाल्लेला आहे. मजकुराच्या जागी अक्षराच्या आकाराचं भोक. वाचायला जावं तर पान जाळी होऊन हातात येतं. मोडी आणि पोर्तुगीज, दोन्ही एकाच किनारपट्टीच्या आणि घाटाच्या हवेत राहिली. फरक शाईचा आणि कागदाचा.

हे सगळं आकड्यात सांगता यायला पीएच मोजणं सोपं व्हायला हवं होतं. ते अमेरिकेत झालं, आणि गंमत अशी की तिथेही खाण्यापिण्याच्याच धंद्यामुळे. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिंबू-संत्रं उत्पादकांच्या सहकारी संघात काम करणाऱ्या एका रसायनशास्त्रज्ञाला लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती. त्याने आपला जुना वर्गमित्र आर्नल्ड बेकमन याला विचारलं. बेकमनने काचेचा विद्युतअग्र आणि व्हॅक्यूम ट्यूबचा वर्धक एका पेटीत बसवला. पुढच्याच वर्षी ती पेटी विकायला आली. बिअरवाल्याची मोजपट्टी आणि लिंबूवाल्याचं यंत्र, मग ती कागदवाल्याच्या हाती पडली.

तो कागदवाला म्हणजे व्हर्जिनियातला विल्यम बॅरो. रीतसर शास्त्रज्ञ नव्हता, कागदपत्रं दुरुस्त करणारा होता. १९४० च्या दशकात त्याने कागद आधी चुन्याच्या निवळीत आणि मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या पाण्यात बुडवून आम्ल मारायची पद्धत काढली. वाळल्यावर तंतूंमध्ये खडूचा बारीक अंश राहतो आणि पुढे सुटणारं आम्ल तो खातो. जुन्नरच्या कागद्याला हे ऐकून हसू आलं असतं! १९५९ मध्ये बॅरोने अमेरिकेत १९०० ते १९४९ या काळात छापलेल्या ५०० पुस्तकांच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातला निष्कर्ष असा, की जेमतेम ३ टक्के पुस्तकं पन्नास वर्षांहून जास्त टिकतील. ग्रंथालयांत घबराट उडाली. पुढच्या काळात टिकाऊ कागदाची मानकं आली. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकात सामू साडेसात ते दहा आणि किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटएवढा अल्काचा साठा मागितलेला आहे.

पण इथे आम्हाला थोडं थांबावंसं वाटतं. आकडा हातात आला की माणसं घाईही करतात. कागद मरणारच आहे, असं समजून अमेरिकेतल्या अनेक मोठ्या ग्रंथालयांनी वर्तमानपत्रांच्या फाइली मायक्रोफिल्म करून मूळ प्रती विकून किंवा फेकून दिल्या. त्यासाठी बांधणी कापली. निकल्सन बेकर या लेखकाने २००१ मध्ये ‘डबल फोल्ड’ या पुस्तकात यावर जोरदार टीका केली. त्याचं म्हणणं, बऱ्याच प्रती वाचवता आल्या असत्या आणि मायक्रोफिल्म धूसर, अपुऱ्या होत्या. ग्रंथपालांनी त्याला उत्तरंही दिली. सगळं खापर त्यांच्यावर फोडणं योग्य नाही, जागेचा आणि पैशाचा प्रश्न खरा होता. पण बेकरच्या तक्रारीत तथ्य आहे असंच आम्हाला वाटतं. आम्लता मोजणं म्हणजे मृत्यूचा दाखला देणं नव्हे. थंड, कोरड्या, अंधाऱ्या खोलीत चार सामूचा कागदही बराच काळ तग धरतो. दुसऱ्या टोकाची घाईही झाली. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने डायएथिल झिंक नावाच्या वायूने एकदम हजारो पुस्तकांचं आम्ल मारायचा प्रयोग केला. हे रसायन हवेत आपोआप पेट घेतं. १९८५-८६ मध्ये नासाच्या केंद्रातल्या चाचण्यांत आग लागली, आणि पुढे तो मार्ग सोडावा लागला. भारतात राष्ट्रीय अभिलेखागाराने मात्र बॅरोच्या महागड्या गरम दाबयंत्राऐवजी सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा ॲसिटोनने हाताने चिकटवायची पद्धत काढली. यंत्र नको, वीज नको. साधेपणात तिची ताकद होती.

आता विकराकडे परत येऊ, कारण त्याची दुसरी भेट अजून बाकी आहे. जुने नकाशे आणि चित्रं पाठीमागे पुठ्ठा किंवा कापड लावून खळीने चिकटवलेली असतात. खळ म्हणजे पिष्ट. ती वाळून कडक होते, आकसते, चित्राला सुरकुत्या आणि चिरा पाडते. खरवडावी तर कागद फाटतो, गरम पाण्यात भिजवावं तर रंग वाहतो. मग जतनकार काय करतात? अमायलेजचा ओलसर लेप त्या पुठ्ठ्यावर ठेवतात. विकर पिष्ट खातं आणि सेल्युलोजला हातही लावत नाही. काही वेळाने खळ निसटते, पुठ्ठा अलगद सुटतो. व्हिएन्नाच्या आल्बेर्टिना संग्रहालयाच्या नावाने ओळखली जाणारी अशी एक तयार पट्टीही वापरात आली. आज हे विकर बहुधा जिवाणूंपासून काढतात, मोडाच्या जवापासून नाही. पण काम तेच. आणि सामू जुळला नाही तर ते इथेही रुसतं. शेवटी ते नीट धुऊन काढावं लागतं, नाहीतर कसर आणि बुरशीला जेवण मिळतं.

शाईच्या बाबतीतही धान्याचा असाच एक उपयोग निघाला. नुसतं आम्ल मारून भागत नाही, मोकळं लोह बांधून ठेवावं लागतं, हे नेदरलँड्समध्ये योहान नेवेल यांनी १९९० च्या दशकात मांडलं. त्यासाठी त्यांनी वापरलं कॅल्शियम फायटेट. फायटिक आम्ल धान्याच्या कोंड्यात भरपूर असतं. बिअर करतानाही ते मोडवलेल्या जवातून सुटून घोलाचा सामू खाली आणतं. एकाच दाण्यातली एक गोष्ट खळ सोडवते, दुसरी शाईतलं लोह पकडते.

व्याख्यानानंतर श्रोते हमखास विचारतात, की घरी आजोबांचे कागद आहेत, सातबारे, पत्रं, जुन्या पत्रिका, त्यांचं काय करायचं. सामू दाखवणारं पेन बाजारात मिळतं, ते मूळ कागदावर चालवू नका, डाग कायमचा राहतो. प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्याचं आम्ल शेजारच्या कागदात उतरतं. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात तापतं आणि पावसाळ्यात घाम धरतं. अल्क असलेला, म्हणजे खडू घातलेला कोरा कागद मध्ये घालून मजबूत पेटीत, घरातल्या आतल्या खोलीत ठेवा. आम्ल मारायचं काम घरी करू नका. त्याने ठिसूळ झालेला कागद पुन्हा मऊ होत नाही, फक्त पुढची झीज मंदावते, आणि शाई विरघळणारी असेल तर मजकूरच जातो. एक अपवाद लक्षात ठेवा. जुन्या घराचे किंवा विहिरीचे निळे नकाशे असतील, ज्यांना ब्लूप्रिंट म्हणतात, तर त्यांच्यात खडूचा कागद घालू नका. तो निळा रंग अल्कात फिकट होत जातो. त्यांना साधा, आम्ल नसलेला कागदच बरा.